विहिरीतली

मगदूम मॅडम फोटो घेऊन आल्या तेव्हा
भाद्रपद तोंडावर होता
आणि माझ्या खाटेखाली साठ गौरी
डोळ्यांवाचून पडून होत्या.
"अशीच्या अशी पाहिजे, प्लॅस्टरमध्ये.
कॉलेजात प्रदर्शन आहे."

बघितलं. हस्तिदंताचं तोंड म्हणे,
पण रंग उतरलेल्या काकवीचा.
कपाळावर केसांची महिरप,
ओठ मिटलेले. हसू आत ठेवलंय
की संपवलंय, ते काय कळेना.
"अ‍ॅसिरियातली," मॅडम म्हणाल्या.
मला असुर ऐकू आलं.
राजवाड्याच्या विहिरीत
अडीच हजार वर्षं गाळात होती.
गाळानंच राखली.

हे मात्र मला लगेच पटलं.
पंचगंगा घरात शिरली त्या साली
साचे सगळे चिखलात गेले
आणि धड तोच निघाला
जो सगळ्यात खाली होता.

खाली लावायला चिठ्ठी पाहिजे होती.
मॅडमची वही भरलेली:
राणी असेल. देवी असेल.
खिडकीत बसणारी असेल.
पलंगाला, नाहीतर खुर्चीला
जडवलेली नुसती नक्षी असेल.
काढणारे म्हणाले, विहिरीतली बाई.
मग कुणी लांबच्या एका चित्रातल्या बाईचं नाव
हिला नेसवलं, उसन्या लुगड्यासारखं.
आणि दुसरं एक तोंड सापडलं, जरा थोराड,
तिला म्हणाले
कुरूप बहीण.

"मॅडम, आमच्यात पण दोघी येतात.
ज्येष्ठा आणि कनिष्ठा.
एकीला नाव ठेवायचं
आणि दुसरीला नावं ठेवायची,
असं करत न्हाई कोण."
मॅडम हसल्या.
इरफान मुल्लाणी पट्टीनं मापं घेत होता,
तो हसला न्हाई. वहीत काहीतरी लिहिलं.

टाऊन हॉलात एक परदेशी देव आहे,
ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला.
समुद्राचा देव. समुद्र घाटाखाली,
हितं नदी, तरी त्याचं नाव
कुणी बदललं न्हाई.
बाप्या माणूस.

मी चांगुणा.
ताटातल्या तांदळात अंगठीनं
वसुंधरा लिहिलं,
सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले.
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला.
पुढं किती वर्षं, हाक आली की
मी आधी मागं वळून बघायचो,
कुणाला बोलवतात ते.

डोळे मी शेवटी काढतो, रात्री.
बुबुळाचा ठिपका पडेस्तोवर
तोंड कुणाचंच नसतं.
हिचं बुबुळ सापडेना.
फोटो कसाही धरला तरी
ती माझ्याकडं बघत न्हाई,
माझ्या पाठीमागं कोण उभं आहे
त्याच्याकडं बघते.
मी वळलो.
भिंत होती, आणि भिंतीवर
पुराची रेघ.

साचा उघडला त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं.
गल्लीच्या आडावरनं कळशी आणली,
तिच्या तोंडावरनं ओतली
आणि सवयीनं बोलून गेलो:
गौर आली.
कशाच्या पावलांनी आली?

सोन्याच्या म्हणायचं असतं, रुप्याच्या म्हणायचं असतं.
घरात उत्तर द्यायला कोण नव्हतं.
कानामागं नख घातलं तर
साच्याची माती निघाली, ओली.

चिठ्ठी इरफाननं लिहिली.
"विहिरीतनं निघाली, एवढंच घातलंय मावशी.
तेवढं तरी खरं हाय."
मग पेन कागदावर टेकवून म्हणाला,
"आणि खाली,
करणारीचं नाव?"

अजून अकरा गौरींचे डोळे राहिले होते.
मी ब्रश धुवायला घेतला.