नाक

खडे बाजारातून शहापूरकडं उतरताना
डाव्या हाताला आमचं हॉटेल.
पाटी तीनदा रंगवून झाली, अक्षरं बदलली, त्यांची वळणंही.
वरच्या कोपऱ्यातलं कमळ तेवढं जुन्या रंगाचं,
शिडी तिथवर पोचत नाही.

गिऱ्हाईक पाटी कुठं वाचतंय?
वासावर येतंय.

मागं भट्टीवर भरमाण्णा हलगेकर.
पहाटे म्हशीचं दूध चढतं, आटतं,
मग आंबट दही. दूध फाटतं, दाणा धरतं.
शेजारच्या कढईत साखर,
जळायच्या अगदी उंबऱ्यावर अडवायची.
तिथंच सगळा कुंदा.
जरा अलीकडं थांबलात तर नुसता खवा,
पलीकडं गेलात तर पातेलं घासायला आठ दिवस.

मागच्या तापात भरमाण्णाचं नाक गेलं.
कुणाला पत्ता नाही.
मला कळलं, कारण करपलेलं दूध
माझ्यापुढं धरून त्यानं विचारलं,
"कसं येतंय गे?"
मी म्हटलं, "करपलंय की."
तो बराच वेळ पातेल्यातच बघत राहिला.

तेव्हापासनं गल्ल्यावर बसून मी त्याचं नाक.
तो कढईच्या काठावर झारा दोनदा वाजवतो,
मी सुटे मोजत ओरडते, "अजून थांबा!"
समोरचा माणूस दचकून हात मागं घेतो.
नाहीतर "झालं, उचला!" म्हणते,
आणि कुणीतरी दुसऱ्याचंच पुडकं उचलून चालू लागतं.

परवा मला पडसं झालं.
झारा वाजला.
मी नाकपुड्या फुगवल्या. काही नाही.
पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा.
मी पडद्याआड जाऊन नुसती मान हलवली.

त्यानं झारा खाली ठेवला.
कान कढईजवळ नेला,
गरतीच्या पोटाला लावावा तसा.
आधी डबडब होतं.
मग जड झालं, चिखलातनं पाय उपसल्यासारखं.
मग एकदम गप्प.
"आता," तो म्हणाला, आणि कढई उतरवली.

रंग नेहमीपेक्षा गडद. मी काही बोलले नाही.
वडगावची शांतव्वा अर्धा किलो घेऊन गेली
आणि पायरीवरनंच परत फिरली.
माझ्या पोटात गोळा.
पदराला बोटं पुसत म्हणाली,
"इवत्त भाळ चलो आगेद,
माझ्या लग्नातला असाच होता. थोडा कडू."

आत जाऊन सांगितलं.
भरमाण्णानं ऐकलं, तोंडात चिमूटभर टाकलं,
चघळत राहिला.
"गोड आहे एवढंच कळतंय," म्हणाला.
मग उद्याचं दही लावायला विरजण मागितलं,
आणि मला म्हणाला,
रात्री ओव्याची धुरी घे.
खरं, घाई नाही.