आवक-जावक

चौथ्या महिन्यात कपिलाबेननी माझ्याशी बोलणं कमी केलं.
चौथा, म्हणजे त्यांच्या हिशेबाने.
दांडिया बाजारात अडतीस वर्षांची, बिनलग्नाची,
रात्रपाळीला स्टेशनवर जाणारी बाई,
आणि तिचं पोट वाढतंय.

पहिले डॉक्टर म्हणाले, गॅस.
दुसरे म्हणाले, पोटाचा टीबी असावा, सुरू करून बघू.
तिसऱ्यांनी चष्म्यावरून विचारलं, दारू घेता?
म्हटलं, साहेब, हे गुजरात आहे.
ते हसले नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.
सुईने पाणी काढलं, साडेचार लिटर.
पंधरवड्यात पुन्हा नाडी पुरेना.

मग रावपुऱ्यातलं ते तळघर.
भिंतीवर पाटी : इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही.
मी ती तीनदा वाचली.
नवी डॉक्टर, नखांवरचा रंग अर्धा उडालेला,
यंत्र पोटावर तसंच धरून थांबली.
यकृताच्या शिरा कुणी बघितल्या का तुमच्या?
तिने पडदा माझ्याकडे वळवला.
लाल-निळं हलायला हवं होतं तिथे
काळं.
पाकिटावर एक नाव लिहून दिलं, अहमदाबादचं, गुरुवारचं.
पोटाचे नव्हेत हं, यकृताचे. फरक आहे.

त्यांनी त्याच पाकिटावर तीन रेघा काढल्या.
रक्त आत येतंय. बाहेर जायच्या वाटा तीन.
दोन बंद, तिसरी दोऱ्याएवढी.
आजाराचं नाव दोन परक्या पुरुषांचं, बड आणि किआरी.
म्हणजे होते तर,
एक सोडून दोन.
कपिलाबेनना सांगावंसं वाटलं.

बाकीचं मला समजवावं लागलं नाही.
सतरा वर्षं मी डाक छाटते.
एका रात्री जावकची गाडी रद्द झाली
की पहाटेपर्यंत थैल्या दारापर्यंत येतात,
पाय ठेवायला जागा नसते,
आणि आवक काही थांबत नाही.
पत्रांचा त्यात काय दोष.

मानेतून तार घातली. जाळीची नळी बसवली, करंगळीएवढी.
आता रोज रात्री रक्त पातळ ठेवायची गोळी,
महिन्याला तपासणी,
मेथी-पालक मोजून,
विळी माळ्यावर.

पोट उतरलं.
तेही मोजलं असणार कुणीतरी.

एका दुपारी कपिलाबेन दारात. हातात स्टीलचा डबा,
सुंठ, डिंक, बत्तीस वसाणी, वर तूप.
काटलूं. बाळंतिणीला देतात ते.
खाई लेजे, म्हणाल्या,
आणि माझ्या खांद्यामागे खोलीत
एकदाही बघितलं नाही.

मी तोंड उघडलं होतं. पाकीट फळीवरच होतं,
तीन रेघांचं.
डबा गरम होता.

गुरुवारी विचारलं, चालेल का?
रोज एक तुकडा, डॉक्टर म्हणाले, जास्त नको.
एकोणीस दिवस पुरलं.

डबा रिकामा परत करू नये म्हणतात.
धुऊन ओट्यावर पालथा घातलाय.
रोज कामावर निघताना दिसतो.
आत काय घालून द्यावं
ते अजून ठरत नाही.