साखरझोप

पहाटे तीनला मला जाग येते ती गजरानं नाही.
हाताला त्याची मान ओली लागते,
उशी ओली,
आणि बाकीझिओ आढ्याकडे बघत
काहीतरी मोजत असतो, आकडे नसलेलं.

"माझं नाव काय?" मी विचारते.
तो हसतो. पाहुण्यानं हसावं तसा.

मग मधाची बरणी.
आमच्या डोंगरातला मध कडू.
त्या झुडपाला फुलं येतात ऐन नोव्हेंबरात,
कुडकुडणाऱ्या माश्यांचा राग उतरत असेल त्यात;
पण रक्ताला चवीशी काय देणंघेणं.
बोटानं त्याच्या हिरडीला चोळते.
थांबते.
खाली दरीपलीकडे नुओरोचे दिवे.
दहा मिनिटं. बारा.
"बोनारिया," तो म्हणतो, "दार उघडं टाकलंस का? गारठा येतोय."
आणि मी भांडायला लागते
दारावरून.

पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणणाऱ्यानं
आमच्या घरी एक रात्र काढावी.

डॉक्टर पिरासबाईंनी चित्र दाखवलं,
करड्या मेंदूत पांढरे ठिपके,
मार्च सरताना डोंगराच्या सावलीतल्या अंगाला
बर्फ उरतो ना, तेवढेच.
म्हणाल्या, स्नायूंची कोठारं असतात. यकृताचंही.
मेंदूचं मात्र हातावर पोट.
रोज आणायचं, रोज खायचं,
आणि भूक घरातल्या सगळ्यांहून मोठी.
मी विचारलं, मग साखर चढते तेव्हा तरी तो सुखात असतो का?
त्या म्हणाल्या, पुराच्या पाण्यात उभ्या माणसाला
प्यायला काय मिळतं?

ते मला ठाऊक होतं.
ईस्टरला बदामाच्या वड्या खाऊन
हा विहिरीच्या कठड्यावर बसला, तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला,
सख्ख्या भावाशी बांधावरून कडाकडा भांडला
आणि संध्याकाळी मलाच विचारलं,
"आन्तिओको जेवायला का नाही आला?"

नवव्या वर्षापासूनचं दुखणं.
त्याची आई सुई उकळायची त्याच पातेल्यात दूध तापवायची.
सेहेचाळीस वर्षं वर-खाली, वर-खाली.
एखाद्या घसरण्यानं पायरी मोडत नाही,
झिजते.

पूर्वी हात थरथरायचे, घाम आधी यायचा,
शरीर हाक मारायचं.
आता घाम येतो तो सगळं झाल्यावर.
चोर रोजचाच झाला
की राखणीचा कुत्राही मान वर करत नाही.
मुलीनं त्याच्या दंडावर यंत्राची चकती चिकटवली,
तिचा बाण खाली वळला की फोन किंचाळतो.
हा लोकरीखाली फोन दडपून ठेवतो. म्हणतो,
अडतीस मेंढ्यांचं कळतं मला, माझं नाही कळणार?

मेंढ्यांचं कळतं, खरं आहे.
तोनाराच्या लोहारानं ठोकलेल्या अडतीस घंटा,
एकीचा नाद दुसरीला नाही.
म्हणून रोज दूध काढून झालं की
मी त्याला म्हणते, डोळे मीट.
त्याला वाटतं खेळ.
मी एकेक मेंढी फाटकातून सोडते
आणि तो ओसरीवरून नावं घेतो,
काळतोंडी, लंगडी, नवरीमुलगी,
पाद्रीबुवांची, रडकी...
शाळेत इन्स्पेक्टर येणार असल्यासारखी
माझी छाती धडधडते.

परवा अकरावी मेंढी गेली.
तो म्हणाला, "रडकी."
रडकी अजून माझ्या गुडघ्याला डोकं घासत उभी होती.

"बरोबर," मी म्हणाले.

त्या रात्री त्याचा आकडा छान होता, एकशे दहा.
तो घोरत होता.
मी कंदील घेऊन गोठ्यात गेले,
रडकीच्या गळ्यातला पट्टा सोडला,
लंगडीचा सोडला,
थंडीनं कातडं ताठरलेलं, बोटं सोलली,
आणि याची घंटा तिला, तिची हिला.

सकाळी कळप चढणीला लागला.
तो काठी टेकत मागून गेला, शीळ घालत.
लंगडी चार पावलं चालायची, थबकायची,
मान वळवून बघायची,
आपल्या मागून
कोण येतंय ते.