भाषा कोणती

एस्तेर रणपिसे गायची तेव्हा
टाळ्यांच्या आधी प्रश्न यायचा: भाषा कोणती?
कालिदासच्या विंगेत परीक्षक म्हणाले, तेलुगू का? कोकणी?
ती म्हणाली, सर, अजून ठरलं नाही.
उत्तेजनार्थही मिळालं नाही.

सुरुवात एका कॅसेटपासून.
देवळाली कॅम्पात, जुन्या सामानाच्या दुकानात,
बंद घड्याळं आणि फौजी बुटांच्या मधे
अडीच रुपयांना सापडलेली.
लेबल फाटलेलं; उरलं होतं
'स्कॉटलंड', आणि गाणारणीच्या नावातला शेवटचा न.
ती बाई गात होती ते इंग्रजी नव्हतं.
एस्तेरनं शब्दकोश उघडला,
शरणपूरच्या पाळकसाहेबांना ऐकवलं.
ते म्हणाले, हिब्रूसुद्धा नाही, बेटा.
मग तिनं शब्दकोश मिटला
आणि पोटभर झोपली.

मी कॅसिओवर.
दिवसा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोरे कागद उजेडाला धरून
आतलं जलचिन्ह तपासायचो, आठ तास.
म्हणून मला तिचं गाणं लवकर कळलं असेल:
छापलेलं काहीच नाही,
पण उजेडाला धरलं की आत कोणीतरी आहे.

ड्रमर परवडत नव्हता.
सातपूरला एका शेडमधल्या पॉवर प्रेसचा ठोका
रात्रपाळीत टेप करून आणला,
तोच तीन कॅसेटभर चालला.
'ओलं कापड'. 'निळं रॉकेल'.
'दूधबाजारनंतर डावीकडे'.
दुसरीच्या दोनशे बारा प्रती खपल्या,
त्यातल्या चाळीस तिच्या मामानं घेतल्या,
आणि मामा ठार बहिरा.

मुंबईच्या कंपनीचा माणूस द्वारकेच्या हॉटेलात
चहा बशीत ओतत म्हणाला,
आवाज सोनं आहे, फक्त त्यात शब्द घाला.
तिनं घातले. अख्खा उन्हाळा घातले.
चांदणं, सजणा, पैलतीर.
आवाज नव्या चपलेतल्या पायासारखा
लंगडायला लागला.
आगाऊ चौदाशे रुपये तिनं मनीऑर्डरनं परत केले,
कमिशन स्वतःचं.

गिटारवाला सुहृद बहारीनला गेला.
त्या दोघांचं मी इथं लिहिणार नाही.
तिसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू ऐका,
नऊ मिनिटं एकच अक्षर आहे: ल.

त्यानंतर एक जाहिरात. द्राक्षांवरचं औषध.
'भुरी गेली, डावणी गेली'
हे तिचे पहिले शब्द, ज्यांचा अर्थ
पिंपळगावपर्यंत सगळ्यांना लागला.
घरी येऊन तिनं माइक
मऊ कापडात गुंडाळला, लोणच्याच्या बरणीमागे ठेवला.

आता ती ठक्कर बाजारला फलाट सांगते.
पेठ, हरसूल, दिंडोरी.
उच्चार एकदम स्वच्छ, जोडाक्षरंसुद्धा.
भोंगाच फाटका,
त्यामुळे लोक अजून शेजारच्याला विचारतात,
काय म्हणाली?

मंगळवारी मी तिथं बाकावर होतो.
सुरगाणा, असं ती म्हणाली
आणि तो णा
अर्धा श्वास जास्त धरला. फक्त अर्धा.
गोणीवर पेंगणारं एक पोर
मान वर करून पत्र्याकडे बघायला लागलं.

काय म्हणाली? बाजूच्या बाईनं विचारलं.
सुरगाणा, मी म्हटलं.
तिनं पिशव्या गोळा केल्या आणि पळाली.
मी बसून राहिलो.
मला कळवणला जायचं होतं;
ती गाडी, नंतर समजलं,
आधीच्या वाक्यात होती.