फडकं

आम्ही तिघं. शाळेतून निवृत्त झालेला बीर्गर,
मासळीच्या कारखान्यात वजनकाट्यावर असते ती रागना,
आणि मी, पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली.
गावातली भांडणं कोर्टापर्यंत जाऊ नयेत
म्हणून सरकारनं आम्हाला या टेबलामागे बसवलंय.
कायद्याचं पुस्तक आहे. ते बहुतेक वेळा
कॉफीच्या थर्मासखाली असतं.

आजचं प्रकरण: होडी ‘टेर्ना’, लांबी अकरा मीटर,
सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन,
ओव्हरहॉलनंतर एकोणचाळीस तास चाललेलं.
चाळिसाव्या तासाला, फेब्रुवारीतल्या वेस्टफ्योर्डात,
कॉड अंगावर यावा इतका दाट असताना,
ते जाम झालं.

आवाज कसा आला, बीर्गरनं विचारलं.
गुनवोर म्हणाली, आला नाही. गेला.

टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत पुरावा होता.
ऑइलच्या सम्पमध्ये, जाळीच्या तोंडाशी सापडलेलं
तळहाताएवढं फडकं. डांबरासारखं काळं,
फक्त शिवण जिथे दुमडली होती तिथे
लाल-हिरवे चौकोन अजून शाबूत.

वर्कशॉपमध्ये कुणीतरी हात पुसले, गुनवोर म्हणाली,
आणि फडकं आत विसरून झाकण लावलं.
बेअरिंग जळलं, क्रँकशाफ्ट गेला, माझा हंगाम गेला.
वर एक लाख ऐंशी हजाराचं बिल.
मी एक क्रोनसुद्धा देणार नाही.

हिल्मारनं मान वर केली नाही.
त्याच्या नखांतली काजळी रविवारच्या चर्चमध्येही तशीच असते.
सम्प मी स्वतः बंद केला, टॉर्च मारून.
आणि हा शर्ट कुणाचा, ते तू मला विचारतेस?
टोर्लाइफचा. तुझ्या नवऱ्याचा.
तो माझ्याकडे कशाला येईल?
ऑइल तू बदललंस होडीवर, भरायच्या तोंडात फडकं कोंबून,
वारं होतं, घाई होती. मी दोष देत नाही.
पण बिल बिल आहे.

रागनानं चमचा ढवळला, साखर घातली नव्हती तरी.

गुनवोर पिशवीकडे बघत राहिली.
तिला ते चौकोन आत्ता दिसले.

आणि मला दिसलं ते दोन वर्षांपूर्वीचं,
ऑक्टोबरातलं, खिडकीच्या काचेतून:
उतारावरून एक गोणपाट ओढत नेणारी बाई.
त्या आठवड्यात तिनं तिकिटांचे पैसे दोनदा दिले होते
आणि मी एकदा परत केले होते.
गोणपाट तिनं हिल्मारच्या दारात टेकवलं,
आतून पोऱ्या आला, एइलर्ट, त्यानं आत नेलं.
हिल्मार तेव्हा बोडोला होता, पंप आणायला.
इथे सगळीच घरं तसं करतात.
या गावात गेलेली माणसं अशी
वर्षानुवर्षं इंजिनं पुसत राहतात.

म्हणजे ती विसरली होती.
त्याला कधी कळलंच नव्हतं.
कुणीच खोटं बोलत नव्हतं, हीच पंचाईत.

मी थर्मास उचलला, पुस्तक उघडलं.
ज्याला काही माहीत आहे
त्याला निवाड्याला बसता येत नाही,
असं तिथे सरळ भाषेत लिहिलंय.
गंमत आहे. मग बसणार कोण, या गावात?

मी खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे नेली,
दोघांच्या मध्ये ठेवली, आणि सांगितलं.
गोणपाटाचा रंगसुद्धा सांगितला.

बराच वेळ बाहेर फक्त सीगल होते.
मग गुनवोरनं विचारलं,
सगळं मिटल्यावर ते फडकं मला मिळेल?

डिझेलमध्ये भिजव, हिल्मार म्हणाला, एक रात्र.
मग साबणाच्या पाण्यात. रंग वर येतो.
नाहीतर दे माझ्याकडे, मी करतो.

आणि क्रँकशाफ्टचं?

क्रँकशाफ्टचं, तो म्हणाला,
आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं,
क्रँकशाफ्टचं मला एइलर्टशी बोलावं लागेल.