दरफलक

मिंट रोडच्या आमच्या दुकानात दरफलक अजून हातानं लावतात.
काळी पाटी, तिला खाचा,
खाचांत सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या:
डावीकडे देश, मग ‘घेऊ’, मग ‘देऊ’.
सत्तावीस वर्षं मी त्या सरकवतोय.
झोएबशेठ म्हणतात, धुरू, तुझ्या बोटांना भूगोल पाठ.
भूगोल कसला शेठ, भाव.

दर थोड्या वर्षांनी जानेवारीच्या एक तारखेला
एखादी पट्टी कायमची निघते.
तोलार निघाला. माल्टाचा लिरा निघाला. क्रोन,
ज्याचा अख्खा देश आपल्या दोन वॉर्डांत मावेल.
मग लाट्स, लिटास, कुना.
पट्ट्या मी टाकत नाही,
खालच्या ड्रॉवरमध्ये रबर लावून ठेवतो.

पेपरात वाचलं होतं, याची परीक्षा असते.
महागाई एवढीच, तूट एवढीच, कर्ज एवढ्याच्या आत,
आणि दोन वर्षं मोठ्याच्या पावलाला पाऊल लावून चालायचं,
अडखळायचं नाही.
मला आमची पतपेढी आठवली.
पगाराचं पत्रक, दोन जामीन,
घरात खाणारी तोंडं किती?
दोन वर्षं हात आखडून राहिलो.
कर्ज मंजूर झालं त्या दिवशी आईला म्हटलं,
आता कर की शिरा, सढळ तुपाचा.
ती म्हणाली, अरे, हाताला सवयच राहिली नाही.

लाट्स गेल्यावर तीनेक महिन्यांनी
बॅलार्ड पिअरकडून एक बोटीवरचा आचारी आला, आइवार्स.
वीस लाट्सची नोट काउंटरवर सपाट केली.
कोटाच्या अस्तरात राहिली होती म्हणे.
मी पाटी दाखवली. खाच रिकामी.
तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं.
तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगत राहिला,
पगार कापले, दवाखाने मिटले,
बहीण आयर्लंडला गेली अळंबी खुडायला,
तिच्यामागे तिची मुलं,
आणि मग आम्ही पास झालो.

मी चहा मागवला.
जाताना त्यानं बशीत एक नाणं ठेवलं.
नाण्यावर मासा, पाण्याबाहेर उसळलेला.
पुस्तकात पाहिलं तर तो सामन,
म्हणजे आपल्या रावसाचा कोणी लांबचा, नावापुरता भाऊबंद.

संध्याकाळी माझगावच्या बाजारात ते धर्मीबायला दाखवलं.
तिनं ओली बोटं पदराला पुसून घेतलं,
डोळ्यांजवळ नेलं.
“रावस नाय हा. तोंड बघ याचं.
पण उडी खरी मारलीय.
किती येतील?”
इथे काही नाही, मी म्हटलं.
तिकडे त्यांच्या बँकेत नेलं तर बदलून देतात.
“कधीपर्यंत?”
मुदत नाही. कधीही न्या.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
पापलेटं उगाच एकदा पालथी केली.
“आमाला पन्नास दिस दिलेले,” म्हणाली.
सासूच्या तांदळाच्या डब्यात, ती गेल्यावर,
पाचशेच्या सहा नोटा निघाल्या होत्या, प्लास्टिकात गुंडाळलेल्या.
तोवर साठ दिवस उलटले होते.
नाणं परत देताना त्याला बर्फाचा गारवा लागला होता.

यंदा लेव गेला. लेव म्हणजे सिंह.
कुना म्हणजे म्हणे मुंगसासारखं काहीतरी, दाट केसांचं.
शेठना आता लाल आकड्यांची पाटी हवीय, आपोआप बदलणारी.
बसवा म्हटलं.

युरो मागायला रोज कोणी ना कोणी येतं.
मी नोटा मोजून देतो.
त्यांच्यावर पूल छापलेत, सुबक,
पण मुद्दाम कुठल्याच गावचे नाहीत,
म्हणजे कोणी रुसायला नको.

ड्रॉवर मात्र हल्ली पुरता बंद होत नाही.
आत काहीतरी अडतं.
रबरं जुनी झालीत, पट्ट्या सुटल्या असतील,
किंवा तो मासा.
मी गुडघ्यानं रेटतो, आणि पुढचा नंबर बोलावतो.