उलटं पान

स्वॉन्झीत ऑगस्टमध्येही पाऊस आडवा येतो.
शाल्मली भिजत आली, काखेत हेझेलच्या फांद्या,
अंगठ्याएवढ्या. त्याहून जाड नकोत, म्हणाली,
त्याच्या अंगाएवढीच हवी फांदी,
तरच तो तिच्यावर वेटोळं टाकून
दोन्हीकडे सारखा लोंबेल,
दांडीवर वाळत घातलेल्या पंचासारखा.

झाडावर राहणारा अजगर.
अजगर म्हटल्यावर ह्यांनी चष्मा काढला होता.

करवत चालून गेली आणि मग आठवलं,
आज नागपंचमी.
चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही.
फांद्या तर भाजायच्या होत्या, किडे मरावेत म्हणून.
ओव्हनबद्दल आमच्या गुहागरात
कधी कुणी काही बोललेलं नाही.
तासभर शंभर अंशांवर.
घरभर ओल्या लाकडाचा वास,
आणि जेवायला पुरणाची दिंडं, वाफवलेली,
तेवढी नियमात बसणारी.

ग्लेनिसबाई फोनवर सांगते:
पेटी आधी रिकामी चालवा. पंधरा दिवस.
वरच्या फांदीला एकतीस, खाली पंचवीस,
संध्याकाळी फवारा, सकाळपर्यंत काच कोरडी.
आकडे हलायचे थांबले की या.
त्याआधी आलात तर चहा देईन, साप नाही.

म्हणून मी वही केली.
पहाटे ड्युटीला जाताना एक नोंद, आल्यावर एक.
थर्मोस्टॅट टक् करतो, थांबतो, पुन्हा टक्.
आत कुणीच नाही
आणि त्या कुणासाठी ऊब चालू आहे.

मी आले तेव्हा नोव्हेंबर होता.
सँडफील्ड्समधली खोली, मीटरमध्ये नाणी टाकायची,
कुठली नाणी ते ठाऊक नाही
आणि हे कामावर.
कोट घालून मी भात लावला.
माणूस वाईट नाही. सुचलं नसेल.
वही कुणी केली नव्हती, इतकंच.

शाल्मली नावं शोधतेय त्याला.
मी म्हटलं, रात्री नाव घेऊ नये, लांबडं म्हणावं.
चावला तरी आमच्याकडे चावला म्हणत नाहीत,
पान लागलं म्हणतात.
पान? ती थांबली.
मग फोनवरचा फोटो माझ्यासमोर धरला:
पिल्लू पिवळंधमक,
फणसाखाली पडलेल्या पानासारखं.
वर्षभरात हिरवं होईल हे, म्हणाली.

आधी पिवळं, मग हिरवं.
असं पान मी पाहिलेलं नाही.

तेरावा दिवस. रात्रीचे साडेअकरा.
वर तीस पूर्णांक आठ.
काच सरकवून मी मनगट फांदीवर टेकवलं
थोडा वेळ,
कुणाची जागा अडत नव्हती तोवर.
वहीत ते लिहिलं नाही.